गोष्ट ठाऊक असताना चित्रपट पुन्हा का पाहावा?

प्रश्न : टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की आमच्या घरात सगळी कामं बाजूला पडतात. गोष्ट ठाऊक, संवाद पाठ, शेवट माहीत, तरी सगळे बसून राहतात. पाहिलेलाच चित्रपट पुन्हा पाहण्यात नेमकं काय हाती लागतं? आणि पुन्हा पाहायचेच, तर मराठीतले कोणते पाहावेत?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : आधी तुमच्या घरच्यांची बाजू घेतो. १९८८च्या ‘बनवाबनवी’त गोष्टीला मुळात फारसं महत्त्व नाही. भाड्याची खोली मिळावी म्हणून दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं, ही कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’मधून आलेली. मराठी चित्रपट उभा राहिला तो वसंत सबनिसांच्या संवादांवर आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सुधीर जोशी यांच्या टायमिंगवर. मैफलीत सम कुठे येणार हे ठाऊक असतं, तरी ती आली की मान डोलतेच. पाठ असलेल्या विनोदाचंही तसंच आहे. तेव्हा घरच्यांना खुशाल पाहू द्या.

तुमचा प्रश्न मात्र याहून खोल आहे. पहिल्यांदा चित्रपट पाहताना आपण गोष्टीच्या मागे धावत असतो. पुढे काय होणार, नायक सुटणार की अडकणार, या घाईत दिग्दर्शक दाखवेल तेवढंच दिसतं. शेवट माहीत झाला की ती घाई संपते. नजर मोकळी होते आणि चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. म्हणून माझी कसोटी साधी आहे. दुसऱ्यांदा पाहताना ज्या चित्रपटात भलताच कुणीतरी मुख्य माणूस वाटू लागतो, तो पुन्हा पाहण्याजोगा. ज्याची सगळी पुंजी शेवटच्या रहस्यात अडकलेली असते, तो रहस्य कळलं की संपतो. त्याच्यावर पुन्हा वेळ घालवू नये.

या कसोटीवर मराठीत पहिला मान मी ‘संत तुकाराम’ला देतो. प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा, १९३६चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पहिल्यांदा पाहताना डोळे विष्णुपंत पागनीसांवरून हलत नाहीत. संगीत नाटकात स्त्रीभूमिका केलेला हा नट तुकोबा म्हणून इतका मनात बसला, की आजही कितीजणांच्या डोळ्यांपुढे तुकोबांचा चेहरा म्हणून त्यांचाच येतो.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा आवलीकडे पाहा. ही भूमिका केली गौरीबाईंनी. प्रभात कंपनीतच लहानसहान कामं करणारी ही बाई. नटी म्हणून तिच्यावर कसलेही संस्कार झालेले नव्हते. पण ती पडद्यावर आली की देहूतलं ते घर खरं वाटायला लागतं. नवरा अभंगात रमलेला, घरात दाणा नाही, पोरं भुकेली, आणि हाती आलेलं तो वाटून टाकणार. तिची तक्रार शब्दाशब्दाने बरोबर आहे. चित्रपटाचं मोठेपण असं, की संताची थोरवी सांगताना तो तिला एकदाही खोटी ठरवत नाही.

एक प्रसंग नीट पाहा. मुलगा आजारी पडलाय. आवली त्याला धरून ओढत देवळात घेऊन जाते, आणि हातात चप्पल. विठ्ठलाला जाब विचारायचाय. पहिल्या खेपेला या प्रसंगाचं हसू येतं, तिच्या फटकळपणाची गंमत वाटते. दुसऱ्या खेपेला लक्षात येतं की भांडायला का होईना, तीही विठ्ठलाकडेच गेली आहे. जो ऐकणारच नाही त्याच्यापुढे कुणी चप्पल उगारत नाही. तुकोबा गाऊन मागतात, ती ओरडून मागते. शेवटी विमान येतं, तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली पोरांसह मागे राहते. पहिल्यांदा आपण वर जाणाऱ्या विमानाकडे पाहतो. ट्रिक सीन म्हणून त्या काळाच्या मानाने तो थक्क करणारा आहेच. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी माझी नजर खाली जमिनीवरच राहते. उद्या सकाळी चूल तिलाच पेटवायची आहे.

आता एकदम अलीकडे येऊ. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४मध्ये चित्रपटगृहांत लागला. तो पाहून आलेला प्रत्येकजण जब्याबद्दल बोलत होता आणि त्या शेवटच्या दगडाबद्दल. साहजिकच होतं. सोमनाथ अवघडेने तो मुलगा असा काही उभा केला की राष्ट्रीय पुरस्कार त्याच्याकडे चालत आला. पण हा चित्रपट जब्याच्या बापाचाही आहे, हे कळायला मला तो पुन्हा पाहावा लागला.

बाप म्हणजे कचरू माने, किशोर कदमांनी केलेला. लेकीच्या लग्नासाठी पैशांची जुळवाजुळव चाललेली. गावच्या जत्रेत डुकरामुळे विटाळ झाला म्हणून डुकरं धरायचं काम त्याच्या अंगावर येतं. तो नाही म्हणू शकत नाही. गावातल्या माणसांशी बोलताना त्याचा आवाज ऐका आणि घरात पोरावर ओरडतानाचा आवाज ऐका. बाहेर जितका दबलेला, तितकाच घरात चढलेला. पहिल्यांदा पाहताना आपण जब्याच्या बाजूने असतो आणि बापाचा राग येतो. दुसऱ्यांदा त्या रागाखालची भीती दिसते. पोरगं शाळेत जातंय, कुणावर तरी जीव लावतंय, वर मान करून चालतंय. त्याची किंमत कोण मोजणार, हे कचरूला पक्कं ठाऊक आहे.

आणि तो राष्ट्रगीताचा प्रसंग. सगळं कुटुंब डुकराच्या मागे लागलंय, डुक्कर जवळजवळ हाती आलंय, आणि शाळेतून ‘जन गण मन’ ऐकू येतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निसटतं. चित्रपटगृहात इथे हशा झाला होता. पुन्हा पाहताना मला हसू आलं नाही. ज्या कुटुंबाला गावात ताठ उभं राहायची सोय नाही, ते राष्ट्रगीताला ताठ उभं राहतं, आणि त्यात हातातोंडाशी आलेलं काम घालवून बसतं. पुढे धरलेलं डुक्कर घेऊन चालताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज दिसतात. त्या भिंतीवर दिग्दर्शक एका शब्दानेही बोट ठेवत नाही. मराठी चित्रपटात याच्या तोडीचे प्रसंग मला फार आठवत नाहीत.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ तर दुसऱ्या वेळेसाठीच केलाय असं म्हणावंसं वाटतं. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी साकारलेला हा शाहीर बघता बघता बाजूला राहतो, आणि कॅमेरा सरकारी वकील बाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो. गीतांजली कुलकर्णींची ही बाई खलनायिका नाही. ती लोकलने घरी येते, पोराला घेते, स्वयंपाक करते, वाढते. हीच बाई कोर्टात कालबाह्य कायद्यांची कलमं सपाट आवाजात वाचून एका म्हाताऱ्याला कोठडीत ठेवू पाहते. पहिल्या खेपेला हे घरचे प्रसंग संथ वाटतात, काहीजण तर कंटाळतात. दुसऱ्या खेपेला कळतं की चित्रपटाचं म्हणणं त्यांतच आहे: अन्याय करायला दुष्ट माणूस लागत नाही, आपलं काम नेटाने करणारा शेजारीही पुरतो.

जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकरांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठच्या दोन रात्रींत पाहावेत, असा माझा आग्रह आहे. ‘सामना’त निळू फुले साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील आहेत आणि डॉ. लागू दारूच्या आहारी गेलेले, तरी मारुती कांबळेचा माग न सोडणारे मास्तर. १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये बाजू उलटते. लागू सत्तेसाठी डाव टाकणारे अर्थमंत्री होतात आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांतून हा चित्रपट घडला. पहिल्यांदा मुख्यमंत्री कोण होणार यातच मन गुंततं. दुसऱ्यांदा फक्त दिगूचा चेहरा पाहा. तो सगळीकडे असतो, सगळं ऐकतो, आणि त्याला काहीच करता येत नाही. मग शेवटी त्याचं जे होतं ते अचानक वाटत नाही.

‘श्वास’बद्दल थोडक्यात. आजोबा आणि नातवाने तुम्हाला एकदा रडवलं असेलच. आता संदीप कुलकर्णींचा डॉक्टर पाहा. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार, हे मुलाला आधी सांगायलाच हवं, हा त्याचा आग्रह पहिल्यांदा कठोर वाटतो. आई-बाप झाल्यावर पाहिलात तर तसा वाटणार नाही.

म्हणूनच दोन खेपांमध्ये काही वर्षं जाऊ द्यावीत. पुढच्या महिन्यात परत लावला तर तोच चित्रपट दिसेल. विशीत पाहिलेला चाळिशीत पाहिला तर आपणच बदललेले असतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि जुन्या चित्रपटांतली गाणी पुढे ढकलू नयेत. ‘संत तुकाराम’मध्ये तर पात्रांची निम्मी ओळख गाण्यांतच होते. ती वगळली तर आवलीचा राग उरतो आणि तो ज्याच्यासाठी आहे तो माणूस निघून जातो.

तेव्हा घरच्यांना ‘बनवाबनवी’ जरूर पाहू द्या, तुम्हीही बसा. पण येत्या रविवारी सव्वादोन तास काढून सगळ्यांनी मिळून ‘संत तुकाराम’ लावा. घरात आठवी-नववीतली मुलं असतील तर त्यानंतर ‘फँड्री’ त्यांच्याबरोबर बसून पाहा, आणि राष्ट्रगीताच्या प्रसंगाला कोण हसलं, कोण नाही, यावर जेवताना बोला.