रुग्णालयातील सेवकवर्ग : ओळख आणि वाटा



दवाखान्याची पायरी चढताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "डॉक्टर आहेत काय?" हा प्रश्न स्वाभाविकच आहे. परंतु डॉक्टर असोत वा नसोत, दवाखान्यात चोवीस तास कोणी ना कोणी राबत असते. त्यांची नावे तर दूरच, त्यांच्या पदांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. प्रस्तुत लेखात या सेवकवर्गाची ओळख करून घ्यावयाची आहे. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी या भागातील आपल्या समाजाच्या कितीतरी मुली आज एएनएम, जीएनएम होऊ पाहतात, मुले कंत्राटावर दवाखान्यात लागतात. त्या दृष्टीनेही हा विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम पदे पाहू. आपण जिला "सिस्टर" म्हणून हाक मारतो ती अधिपरिचारिका. वॉर्डाची जबाबदारी पाहणारी परिसेविका आणि सर्व परिचारिकांवर देखरेख ठेवणारी अधिसेविका, म्हणजे जुन्या लोकांची मेट्रन. उपकेंद्रातून गावोगाव फिरणारी ती आरोग्यसेविका. औषधे देणारा औषधनिर्माण अधिकारी, ज्याला आपण अजून कंपाउंडर म्हणतो. रक्त-लघवी तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे काढणारा क्ष-किरण तंत्रज्ञ. स्ट्रेचर ढकलणारे, बेडपॅन देणारे कक्षसेवक आणि कक्षसेविका. झाडणारे, पुसणारे, कचरा उचलणारे सफाईगार. शिवाय वाहनचालक, केसपेपर काढणारा लिपिक, चौकीदार. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारणतः ३० खाटांचा दवाखाना. त्या ३० खाटांच्या भोवती एवढी माणसे फिरत असतात. कक्षसेवकाला आपण "मामा" आणि कक्षसेविकेला "मावशी" म्हणतो. नाते जोडणारी ही हाक गोड आहे खरी, पण वीस-पंचवीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या मावशींचे नाव विचारले तर गावात कोणाला सांगता येत नाही, हेही तितकेच खरे.

रोवणीच्या दिवसांतील एक रात्र

या लोकांच्या कामाचे मोल कळण्यासाठी आपल्या भागातील नेहमीचेच उदाहरण घेऊ. आषाढ-श्रावणात धानाच्या बांधीत रोवणी चालू असते. अंधारात बांधावर पाय पडतो आणि साप चावतो, किंवा खाली जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. अर्धी रात्र मांत्रिकाकडे जाते आणि मग रुग्णाला दवाखान्यात आणतात.

आता पुढे काय होते ते नीट पाहावे. चौकीदार फाटक उघडतो. कक्षसेवक रुग्णाला चालू न देता उचलून आत घेतो, कारण चालण्याने विष लवकर पसरते. परिचारिका नाडी, रक्तदाब, श्वास पाहते, पापण्या खाली येत आहेत काय हे पाहते. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर नाग किंवा मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करू लागले असे समजतात. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्याची चाचणी फार साधी आहे. थोडे रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवावयाची आणि मग तिरकी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल तर सर्पविषविरोधी लस तातडीने सुरू करावी लागते.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. ती नळी काचेचीच हवी आणि साबणाच्या भुकटीने धुतलेली नसावी. तसे झाल्यास निरोगी माणसाचे रक्तही तिच्यात न गोठण्याचा संभव असतो आणि चाचणी फसते. म्हणजे मध्यरात्री डॉक्टर जो निर्णय घेतात, तो दुपारी कोणीतरी नळी कशी धुतली यावर टेकलेला असतो. नळी धुणारा माणूस उपचाराच्या बाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

लस सुरू झाल्यावरही काम संपत नाही. लसीचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून अॅड्रिनलिनचे इंजेक्शन भरून जवळ ठेवावे लागते आणि परिचारिकेला रुग्णापाशी थांबावे लागते. श्वास मंदावला तर चंद्रपूरला हलवावे लागते. वाहनचालकाला उठवणे, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहे काय पाहणे, नोंद लिहिणे ही सर्व कामे त्याच अर्ध्या तासात होतात. नातेवाईक बाहेर बसून म्हणत असतात, "सिस्टर काहीच करत नाही, नुसती बसून आहे." खाटेजवळ बसून नजर ठेवणे हेच त्या वेळी तिचे काम असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आपल्या भागात आदिवासी व बौद्ध समाजात आढळणाऱ्या सिकलसेल या आजाराचेही तसेच. वेदनेचा झटका आलेले पोर वर्षातून अनेकदा त्याच वॉर्डात येते. वरचेवर सुया टोचून त्याच्या शिरा सापडेनाशा झालेल्या असतात. कोणत्या हाताची कोणती शीर अजून चालते हे एखाद्या जुन्या परिचारिकेला पाठ असते. हे ज्ञान कोणत्याही कागदावर नसते, आणि तिची बदली झाली की तिच्याबरोबर जाते.

मळ आणि मान

रुग्णालयातील कामांपैकी पुष्कळशी कामे मळाची आहेत. विष्ठा, मूत्र, रक्त, पू, ओकारी, शेवटी प्रेत. शवविच्छेदनगृहात डॉक्टरांच्या बरोबरीने उभा राहणारा कर्मचारी कोण, हे आपण विचारत नाही. या कामांना आपल्या देशात हलके ठरवले गेले आणि ती करणाऱ्यांची जातही ठरवली गेली. म्हणून येथे विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग आठवणे अप्रस्तुत होणार नाही.

अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो संघाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असता तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचावर ठेवले. मग संघाला बोलावून भगवंतांनी समजावले की, तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. परंतु त्याच्या पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. शुश्रूषा करणाऱ्याला पालीत गिलानुपट्ठाक म्हणतात. चांगल्या गिलानुपट्ठाकाचे पाच गुण तेथे दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये, आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने धीर देता यावा. यातील पहिले दोन गुण शिक्षणाचे आहेत. म्हणजे शुश्रूषा ही विद्या आहे, हे तेव्हाही मान्य होते.

त्याहून महत्त्वाचे असे की, मरण पावलेल्या भिक्खूचे पात्र व चीवर संघाच्या मालकीचे होत असले, तरी ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांचे उपकार मोठे म्हणून ते त्यांना देण्याची अनुमती बुद्धांनी दिली. एकदा एका भिक्खूने आणि एका श्रामणेराने मिळून शुश्रूषा केली. श्रामणेर म्हणजे दीक्षा घेतलेला पण उपसंपदा न झालेला, संघात खालच्या पायरीवरचा. त्याला किती द्यावे असा प्रश्न निघाला. निर्णय झाला, दोघांना सारखा वाटा. पद पाहिले नाही, काम पाहिले. मला तर वाटते, रुग्णालयातील सेवकांच्या गौरवाविषयी याहून स्पष्ट निवाडा दुसरा सापडणार नाही.

आपल्या काळातला असाच एक निवाडा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातला आहे. तेथील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री रुग्णालयातीलच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. परिचारिकांनी त्या वेळी सुरक्षिततेसाठी संप केला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे, म्हणजे १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीत परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, धुतले, कुशीवर वळवले. १९८० च्या दशकात त्यांना तेथून हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनीच तो हाणून पाडला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीच्या जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार एका घरातल्या एका आजारी आजीसाठी करून पाहावा, म्हणजे रोजचे काम या शब्दाचा अर्थ कळेल. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही अरुणा शानबाग यांच्या अंगावर अशी जखम नव्हती, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. त्यांना दयामरण द्यावे असा अर्ज पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केला होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला, परिचारिका व कर्मचाऱ्यांची मनापासून प्रशंसा केली आणि एक गोष्ट अशी ठरवली की, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्यांनी रात्रंदिवस त्यांची सेवा केली त्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे. येथे प्रशंसेपेक्षा हा अधिकार मोठा. सेवेमुळे माणसाला शब्दाचा वाटा मिळतो, हे कायद्याने मान्य केले. दयामरणाच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात, पण या एका मुद्द्यावर नसावेत.

रुग्णालयाच्या भिंतीबाहेरही हेच दिसते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने गावातल्या थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. ३९ गावांत त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

टाळ्यांनंतर

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या. त्याच महिन्यात केंद्र सरकारने करोनाशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमाकवच जाहीर केले. त्यात परिचारिकांबरोबर सफाई कामगार, वॉर्डबॉय, आशा व कंत्राटी कामगारही धरले होते, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्याच काळात अनेक शहरांत परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगितले गेले, हीही नोंद ठेवली पाहिजे. थाळी वाजवणारा आणि खोली सोडा म्हणणारा कधीकधी एकच असे.

सेवकांचा धोका करोनापुरता नाही. वापरलेली सुई टोचली आणि रुग्णाला हेपॅटायटिस बी असेल, तर लस न घेतलेल्यांपैकी शंभरातून तीसपर्यंत लोकांना तो आजार होऊ शकतो. एचआयव्हीचे प्रमाण हजारात तीन इतके आहे. म्हणून सुया-पाती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, रक्ताने भिजलेला कापूस-पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या व सलाइनच्या प्लॅस्टिक बाटल्या लाल पिशवीत आणि काच निळ्या डब्यात टाकावयाची, असा नियम आहे. आपण नातेवाईक म्हणून गेल्यावर केळीची साल लाल पिशवीत टाकतो, किंवा खाटेखाली पडलेली सुई पायाने सरकवतो. ती सुई मग झाडताना कोणाच्या बोटात जाते हे सांगावयास नको. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात. कंत्राटी सफाईगाराला ते मिळाले काय, हा प्रश्न आपल्या मंडळाने विचारण्याजोगा आहे. त्याचा पगार दरमहा वेळेवर होतो काय, हा दुसरा.

मारहाणीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. रुग्ण दगावला की राग समोर असलेल्या माणसावर निघतो, आणि समोर बहुधा परिचारिका किंवा कक्षसेवक असतो. महाराष्ट्रात २०१० पासून याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून परिचारिका व इतर वैद्यकीय सेवकांनाही संरक्षण आहे. दोष असेल तर तक्रार लेखी करावी, वरिष्ठांकडे करावी. तो आपला हक्क आहे आणि तो सोडू नये.

महावग्गात चांगल्या शुश्रूषकाप्रमाणेच चांगल्या रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्यांतील एक आपल्यासाठी फार उपयोगाचा आहे. रुग्णाने शुश्रूषा करणाऱ्याला आपल्या आजाराची खरी हकीकत सांगावी. साप कधी चावला, मांत्रिकाने काय पाजले, दारू किती घेतली, आधी कोणाकडून इंजेक्शन घेतले, हे परिचारिकेपासून लपवू नये. ते सांगितल्याने तिचे निम्मे काम हलके होते.

जाता जाता सत्काराविषयी. १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन असतो. आपले मंडळ त्या दिवशी कार्यक्रम घेणार असेल तर निमंत्रणाची यादी अधिसेविकेकडून किंवा परिसेविकेकडून घ्यावी आणि तीत सफाईगार, कक्षसेविका व कंत्राटी चालक आहेत याची खात्री करावी. केसपेपरवर असते तसे प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहून आणावे, "मावशी" म्हणून पुकारू नये. डॉक्टरांना शाल आणि सफाईगाराला गुलाबाचे फूल असा भेद करू नये, जे द्यावयाचे ते सर्वांना सारखे द्यावे. आणि वेळ पाळ्या पाहून ठरवावी. रात्रपाळी सकाळी ८ वाजता सुटते. ती करून आलेल्या बाईला सकाळी १० वाजता मंडपात बसवून दोन तास भाषणे ऐकवू नयेत. सत्कार प्रथम करावा, तिला घरी सोडावे, आणि भाषणे मग आपण आपापसांत करावीत.