लपवणे वेगळे, जपणे वेगळे

रविवारच्या मिस्साला एखादे मूल दोन्ही कान घट्ट दाबून रडू लागते. लाऊडस्पीकरचा आवाज त्याला सोसत नाही. आईवडील त्याला उचलून बाहेर नेतात. मागून कुणीतरी पुटपुटते, "वळणच लावलेले नाही." पुढच्या रविवारी ते कुटुंब शेवटच्या बाकावर बसते. मग हळूहळू दिसेनासे होते.

अशा काही मुलांना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असते. हे मेंदूच्या वाढीतील वेगळेपण आहे; संगोपनातील चूक नव्हे. एके काळी डॉक्टरही आईच्या कोरडेपणाला दोष देत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ही समजूत खोडून काढली. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. मात्र तो जुना दोष आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. म्हणूनच, "लोक काय म्हणतील? थोरलीच्या लग्नात अडचण आली तर?" या भीतीने पालक गप्प राहतात. गप्प राहिले की मदतही दारापर्यंत येत नाही.

मग सर्वांना सर्व सांगावे का? तसेही नाही. मुलाची गोष्ट ही मुलाची आहे; आपण तिचे राखणदार आहोत. ज्याला जेवढे कळल्याने मुलाचे भले होईल, त्याला तेवढे सांगावे. डॉक्टर व थेरपिस्ट यांच्यापासून काही लपवू नये. शाळेतील बाईंना आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील सिस्टरांना, मुलाला कशाचा त्रास होतो व कशाने ते शांत होते, एवढे सांगावे. शेजाऱ्यांना एक वाक्य पुरते: "त्याला मोठा आवाज सहन होत नाही." तपासणीचे कागद किंवा रडतानाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र टाकू नये. उद्या मोठे होऊन ते मूलच तो पाहील.

आधार कुठे मिळेल? पहिला आधार इतर पालकांचा. दिल्लीत १९९१ साली पालकांनीच 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी केली. दुसरा आधार कायद्याचा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गरज असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले म्हणजे गावभर झाले, असे नव्हे. ते घरातील कपाटात राहते आणि गरजेच्या वेळी कामी येते.

आता उरलेल्या आपण सर्वांनी काय करावे? "बोलतो का? कुणाला दाखवले?" असे चारचौघांत विचारू नये. पालकांना न विचारता मुलाचे नाव घेऊन वेदीवरून प्रार्थना करू नये. प्रभू येशूनेही बहिऱ्या माणसाला आधी गर्दीपासून बाजूला नेले (मार्क ७:३३). आपणही एकीकडे जाऊन हळूच विचारावे, "आमची काही मदत होईल का?" आणि उत्तर आले नाही, तरी बाकावर जागा राखून ठेवावी.

कुटुंबात चर्चेसाठी
१. आपल्या ओळखीचे एखादे कुटुंब चर्चला येईनासे झाले आहे का? आपण त्यांच्याकडे कधी गेलो होतो?
२. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपण आपल्यापाशीच ठेवतो का?