मिथेन, पॅलेडियम आणि खाणकामगार

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याच्या घरचा माणूस कोळशाच्या खाणीत उतरतो, त्याला मिथेन हा केवळ शास्त्रशाखेचा विषय वाटत नाही.

हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी स्फोटाला पुरते. इंग्लंडमधील फेलिंगच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. पुढे १८१५ मध्ये हंफ्री डेव्हीने जाळीचा दिवा तयार केला. त्यासंबंधीचे प्रयोग चालू असताना त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली, तर ज्योत नसतानाही ती धगधगत राही. पॅलेडियमचेही तेच, तांबे, चांदी व लोखंड यांचे मात्र तसे नाही. अशा क्रियांना ‘कॅटॅलिसिस’ हे नाव बर्झीलियसने १८३५ मध्ये दिले. आपण त्याला उत्प्रेरण म्हणतो.

मिथेनच्या रेणूत एका कार्बनला चार हायड्रोजन घट्ट बिलगलेले असतात. त्यांतला पहिला सोडवणे हेच खरे अवघड काम. पुढचे त्यामानाने भराभर होते. तापलेल्या पॅलेडियमच्या पृष्ठावर त्याचे ऑक्साइड तयार होते. ते हायड्रोजन ओढून घेते, स्वतःजवळचा ऑक्सिजन मिथेनला देते आणि झालेली तूट हवेतून भरून काढते. कणगीतले धान्य शेजाऱ्याला उसने द्यावे आणि बाजारातून आणून कणगी पुन्हा भरावी, तसा हा व्यवहार! शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते, उष्णता बाहेर पडते. पॅलेडियम मात्र खर्ची पडत नाही.

खाणीतील वायुमापक यंत्रात हीच युक्ती आहे. प्लॅटिनमच्या बारीक वेटोळ्यावर पॅलेडियमयुक्त मणी बसवून तो तापवतात. मिथेन त्यावर जळाला की वेटोळे अधिक तापते, त्याचा विद्युत्‌रोध वाढतो आणि त्यावरून वायूचे प्रमाण कळते.

एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. सिलिकोनची वाफ लागली तर मण्याचा पृष्ठभाग झाकला जातो व उत्प्रेरक निकामी होतो. असे यंत्र मिथेन असतानाही शून्यच दाखवील, आणि कामगार निर्धास्तपणे पुढे जाईल. शून्य खरे की खोटे, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून ठरावीक काळाने, मिथेनचे प्रमाण माहीत असलेली हवा यंत्रावर सोडून आकडा तेवढाच चढतो की नाही, हे पाहावे लागते.