रानाला जाळी घेताना

हरभरा अंगाला आला, की रानात हरणे येतात. रात्री चरतात. सकाळी धनी जाऊन पाहतो, तो शेंडे खुडलेले! मग कुणी म्हणतं, "प्लॅस्टिकची जाळी लाव." कुणी म्हणतं, "तारेत वीज सोड." यातले काय करावे, ते आज आपण पाहू.

काळवीट हे आपल्या माळाचे हरीण. अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. ते सुमारे २ चौरस किलोमीटरचे आहे. पण काळविटाला हद्द कुठली ठाऊक? हिरवे दिसले, की ते शेतात शिरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे हा गुन्हा आहे. म्हणून त्याला मारायचे नाही, अडवायचे.

आधी पाहा, येतो कोण? ओल्या मातीत माग बघा. लहान, टोकदार, दोन फाकांचा खूर असला, तर हरीण. तसाच पण मोठा असला, तर रोही, म्हणजे नीलगाय. माती नांगरल्यासारखी उकरली असेल, तर रानडुक्कर. डुक्कर मुसंडी मारून जाळी फाडते. रोही अंगाच्या भाराने ती पाडते. या दोघांपुढे नुसती प्लॅस्टिकची जाळी टिकत नाही. हरणासाठी मात्र ती चालते.

जाळी घेताना चार गोष्टी पाहाव्या.

एक, उंची. हरीण उंच उडी मारते. जाळी ७ ते ८ फूट हवी.

दोन, भोक. ते २ इंचांहून मोठे नको. मोठ्या भोकात तोंड आणि शिंगे अडकतात.

तीन, जाडी. मासे धरायच्या जाळ्यासारखी बारीक दोऱ्याची जाळी नको. तिच्यात हरणाचे पाय गुंततात. सापही अडकून मरतात.

चार, ऊन. साधे प्लॅस्टिक उन्हाने कडक होते आणि तुटते. उन्हाला टिकणारी जाळी मागा. तसे पावतीवर लिहून घ्या, आणि पावती स्वतः वाचा.

आता हिशेब करू. एक एकर चौरस रानाची एक बाजू सुमारे २०९ फूट. चारी बाजू मिळून ८३६ फूट. चौघांनी एकेक एकराला वेगळी जाळी लावली, तर ३३४४ फूट लागेल. तेच चार एकर एका चौकोनात लागून असले आणि चौघांनी मिळून एकच कुंपण केले, तर १६७२ फूट पुरेल. म्हणजे निम्मा खर्च! शेजाऱ्याशी बोलण्याची ही किंमत आहे.

जाळी लावताना खालची कड वीतभर बाहेर वळवा. तिला खुंट्या ठोका. नाहीतर जनावर खालून शिरेल. जाळीवर पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे ती रात्री दिसेल. आठवड्याला एक फेरी मारा. बांध पेटवू नका. आगीने जाळी वितळते.

आणि तारेत घरची वीज? ती कधीही सोडू नका. त्या तारेला जनावर ओळखता येत नाही. पहाटे पाणी धरायला गेलेला आपलाच भाऊ तिला चिकटतो. असे मृत्यू झाले आहेत. सौर कुंपणाचे यंत्र वेगळे. ते क्षणभर झटका देते आणि सोडते. घरची वीज सोडत नाही.

इतके करूनही पीक खाल्ले, तर वन खात्याकडे लगेच लेखी अर्ज द्या. त्याची पोच घ्या. भरपाईची सोय आहे. आता आपल्याला लिहिता येते. मग अर्जही आपणच लिहू.

सांगा पाहू:
१. रानडुकराचा माग कसा ओळखाल?
२. जाळीचे भोक मोठे का नको?
३. तुमच्या रानाच्या चारी बाजू मोजा. किती फूट जाळी लागेल?