पोवाडा : वाचण्याचा नव्हे, गाण्याचा पाठ

पाठ्यपुस्तकात पोवाड्याचा उतारा आला की तो बहुधा कवितेप्रमाणे वाचला जातो, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले जातात आणि पाठ संपतो. अलीकडे एका ग्रामीण शाळेत हाच प्रकार पाहण्यात आला. मुले निमूट बसली होती. वास्तविक पोवाडा ही निमूट ऐकण्याची वस्तूच नव्हे.

शाहीर डफावर थाप देऊन कथा सांगतो. मागे तुणतुणे व झांज यांची साथ असते आणि झीलकरी 'जी जी' म्हणत ओळीचा शेवट उचलून धरतात. तेवढ्या अवधीत शाहिरास श्वास घेता येतो व श्रोत्यांच्या मनात प्रसंग ठसतो. वर्गातही हीच वाटणी करावी. शिक्षकांनी शाहीर व्हावे, सर्व वर्गाने झील धरावी. डफ नसल्यास बाक पुरे. गळा गोड नसला तरी बिघडत नाही. येथे खडा आवाज व स्वच्छ उच्चार अधिक मोलाचे. लढाईच्या वर्णनात लय का वाढते आणि मध्येच शाहीर गद्यात का बोलू लागतो, हे एकदा गाऊन पाहिलेल्या मुलांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. शेवटी शाहीर आपले नाव का गुंफतो, हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा.

हे धन मुखोद्गतच होते. अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे मिळवून १८९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, म्हणून त्यांतील पुष्कळसे आज हाती आहेत.

या तासाला इतिहासाच्या शिक्षकांनाही बोलवावे. तुळशीदासाने सिंहगडाचा पोवाडा रचला. तानाजी मालुसरे १६७० मध्ये त्या गडावर धारातीर्थी पडले आणि त्यावरून कोंढाण्यास सिंहगड हे नाव मिळाले, अशी लोकसमजूत आहे. परंतु १६६३ च्या शिवकालीन पत्रात सिंहगड हे नाव आढळते! म्हणून लोकपरंपरा खोटी म्हणून टाकून द्यावी काय? मुळीच नाही. घडले काय हे पत्र सांगते. लोकांनी आपला वीर कसा आठवला, हे शाहीर सांगतो. दोन्ही साक्षी मुलांपुढे ठेवाव्यात व त्यांना वाद घालू द्यावा.

त्यानंतर गावातीलच एखादी घटना, मोठा पूर म्हणा किंवा श्रमदानाने बांधलेली विहीर म्हणा, घेऊन वर्गाने चार कडवी रचावीत. वडीलधाऱ्यांकडून हकीकत ऐकावी. तिथी व नावे ग्रामपंचायतीच्या दप्तरातून पडताळून घ्यावीत.