उष्णतेची वाट

धावून आलेल्या मुलाचे अंग तापते. काम करणाऱ्या यंत्राचेही तसेच होते. लॅपटॉपमधील प्रोसेसर नखाएवढा असतो. परंतु त्यात अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्यातून वीज वाहताना उष्णता निर्माण होते.

ती बाहेर नेण्याची युक्ती मोठी कौतुकास्पद आहे. पुष्कळ लॅपटॉपांत प्रोसेसरला भिडलेली तांब्याची बंद नळी असते. तिच्यातील हवा काढून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी १०० अंशांच्या पुष्कळ आधीच उकळते. वाफ नळीच्या थंड टोकाकडे जाते, तेथे उष्णता सोडते आणि पुन्हा पाणी होऊन परतते. ती उष्णता पंखा झरोक्यांतून बाहेर लोटतो.

परंतु लॅपटॉप गादीवर ठेवला किंवा झरोक्यांत धूळ साचली, तर ही वाट बुजते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की बहुतेक प्रोसेसर आपली गती आपणच मंद करतात. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक एकाएकी बंद पडतो आणि न साठविलेले लेखन नाहीसे होते.

म्हणून लॅपटॉप नेहमी सपाट व टणक जागी ठेवावा. यंत्र बंद करून झरोक्यांवरील धूळ अलगद झाडावी. यंत्राकडून काम घेणाऱ्याने त्याच्या वाऱ्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे.