विचारलं तर खोटं बोलू नकोस

सातारा

चि. मनू,


तुझा मेसेज वाचला, सोबत पाठवलेले रिपोर्टही बघितले. फोनवर आपण दोघी नुसत्या रडू, म्हणून लिहिते आहे. शांतपणे वाच. पटेल ते घे, नाही पटलं तर माझ्याशी भांड.

आधी तुझ्या मित्राच्या आजाराचं बोलू. मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर उठलेली गाठ: ऑस्टिओसार्कोमा. हा कॅन्सर बहुतेक वेळा वाढत्या वयातल्या आणि विशीतल्या मुलांना होतो, आणि गुडघ्याजवळच जास्त. क्रिकेट खेळताना पडला म्हणून तो झाला, असं त्याची आई धरून बसली आहे असं तू लिहिलंस. तसं नसतं गं. मार लागतो म्हणून एक्स-रे काढतात आणि आधीपासून असलेली गाठ त्यात दिसते, एवढाच त्या पडण्याचा संबंध. खेळायला सोडलं हा आपला गुन्हा, असं ती माउली मनाशी घोकत असेल. तिला हे कुणीतरी दोनदा-तीनदा सांगायला हवं.

केमो झाली, पाय वाचवून आत सांधा बसवला, पुन्हा केमो झाली. आता दोन्ही फुप्फुसांत गाठी आहेत आणि त्या औषधांना दाद देत नाहीत. ‘आता त्रास कमी करण्यावर भर देऊ’ असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं. नर्सच्या नोकरीत हे वाक्य माझ्या कानावर इतक्यांदा पडलं आहे की त्याचा अर्थ तुझ्यापासून लपवण्यात काही हशील नाही. तो या आजारातून उठणार नाही. हे माझ्या हाताने तुला लिहिताना माझ्या पोटात कालवतं, पण तुला ते कुणीतरी आपल्या माणसाने सांगायला हवं होतं.

तुझा खरा प्रश्न पुढेच आहे. त्याच्या आईने तुला स्वयंपाकघरात नेऊन हात जोडले, म्हणाली, ‘त्याला काही कळू देऊ नकोस, त्याचा धीर सुटेल.’ आणि तू हो म्हणालीस. आता रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसून ‘पुढच्या पावसाळ्यात राजमाचीला जाऊ’ असं बोलतेस आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसतेस.

त्या आईवर रागावू नकोस. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं. फाइल कपाटावर ठेवतात, डॉक्टरांना दाराबाहेर गाठून बोलतात, पाहुण्यांना जिन्यातच सूचना देतात. मायेपोटीच करतात सगळं. पण ज्याच्यापासून लपवायचं त्याला बहुधा ते ठाऊक असतं. एका घरी मी ड्रेसिंग करायला जात असे. मुलगा तुझ्याच वयाचा. एक दिवस आई दूध तापवायला आत गेली तेवढ्यात त्याने उशीखालचा फोन काढून मला स्वतःचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट दाखवला. हॉस्पिटलच्या ॲपवरून त्याने तो कधीच उतरवून घेतला होता, एकेक शब्द शोधून वाचला होता. ‘सिस्टर, आईला सांगू नका मला माहिती आहे म्हणून. ती खचेल,’ एवढं बोलला आणि आईची चाहूल लागताच फोन परत उशीखाली. त्या दोन खोल्यांच्या घरात आई मुलाला जपत होती, मुलगा आईला जपत होता, आणि दोघंही एकेकटी रडत होती. मी हे पाहिलेलं आहे, म्हणून तुला आग्रहाने सांगते.

तू आपणहून त्याच्यापुढे जाऊन काही सांगायचं नाहीस. रोगाची बातमी देणं हे डॉक्टरांचं काम आहे. आणि काही माणसांना खरोखरच पुढचं ऐकायचं नसतं, तोही त्यांचा हक्क आहे. पण त्याने विचारलं तर खोटं बोलू नकोस. त्याच्या आईला आजच शांतपणे सांग: ‘काकू, मी स्वतःहून विषय काढणार नाही. पण त्याने मला सरळ विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही.’ ती चिडेल, कदाचित चार दिवस तुला घरी येऊ नको म्हणेल. तरी सांग. हे आधी सांगून ठेवलेलं असलं की पुढे विश्वासघात केल्यासारखं तिला वाटणार नाही.

आणि त्याने विचारलंच, ‘मी बरा होईन ना?’ असं, तर लगेच उत्तराला धावू नकोस. आधी त्यालाच विचार, ‘तुला काय वाटतंय?’ मग थांब. ही शांतता जीवघेणी असते, ती भरून काढायला माणूस काहीबाही बोलतो. तू बोलू नकोस. तो म्हणाला, ‘मला वाटतं माझं काही खरं नाही,’ तर त्याचा हात धर आणि म्हण, ‘मलाही भीती वाटते.’ पुरे आहे तेवढं. पुढचं ऐकायचं आहे असं तो म्हणाला तर डॉक्टरांना घरच्यांसमोर त्याच्याशी बोलायला सांगा. तो ‘जाऊ दे, मॅच लाव’ म्हणाला तर मॅच लाव. उद्या पुन्हा विचारेल, नाहीतर कधीच विचारणार नाही. विषय त्याच्या चालीने पुढे जाऊ दे.

राजमाचीचं मात्र बंद कर. जिथे जाणं होणार नाही हे दोघांना ठाऊक आहे, तिथले बेत आखताना तुम्ही एकमेकांपासून लांब जाता. त्यापेक्षा त्याला विचार, आज काय करायचं आहे. कुणाला भेटायचं आहे, कुणाला अजिबात भेटायचं नाही, कोणावरचा राग मिटवायचा आहे. माणसं अशा वेळी फार साध्या गोष्टी मागतात. भेळ मागतात, आपल्या बाइकवर नुसतं बसायला मागतात.

आता दुखण्याचं. रात्री तो कण्हतो आणि तरी घरचे गोळी देत नाहीत, हे वाचून मला राहवेना. ‘मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलं’ हा समज घराघरांत आहे आणि त्यापायी माणसं विनाकारण सोसतात. मॉर्फिनची गोळी दुखण्यासाठी असते, मरण जवळ आलं म्हणून नव्हे. डॉक्टरांनी बेताने चढवत नेलेल्या डोसने आयुष्य कमी होत नाही, आणि कॅन्सरच्या दुखण्यावर घेणारा माणूस सहसा व्यसनी होत नाही. साधी गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते, दुखणं असह्य व्हायची वाट बघत बसायचं नसतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, मग ते सरतं. बद्धकोष्ठ मात्र सरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत लागतंच. डॉक्टर लिहायला विसरले तर तू मागून घे. २०१४ साली कायद्यात बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना हे औषध ठेवणं सोपं झालं आहे, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळणार नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, १९९७ पासून चालू आहे, तिथे पैसे घेत नाहीत. तिथली माणसं घरच्यांनाही शिकवतात. पॅलिएटिव्ह म्हटलं की मरायला नेऊन ठेवण्याची जागा, असं त्याच्या काकांनी म्हटल्याचं तू लिहिलंस. काकांना घेऊनच एकदा तिथे जाऊन ये. बरीच माणसं दुखणं आटोक्यात आणून घरी परत येतात.

धाप लागेल तेव्हा घाबरू नकोस. पाठीशी उशा लावून त्याला बसतं कर, खिडकी उघड आणि छोटा पंखा गालावर वारा येईल असा धर. चेहऱ्यावर गार वारा लागला की धापेची तडफड कमी होते, हे मी हाताने केलेलं आहे. खोलीतली गर्दी बाहेर काढ. अशा वेळी पाच नातेवाईक पलंगाभोवती उभे राहून ‘काय झालं, काय झालं’ करतात, त्याने माणूस आणखी गुदमरतो.

अजून एक, आणि हे तुझी आई तुला सांगणार नाही म्हणून मी सांगते. तुम्हा दोघांना बंद दार मिळालं पाहिजे. आजारी माणसाला हात लावायचा तो फक्त ताप बघायला किंवा सलाईन लावायला, असं घर होऊन बसतं. तो पंचवीस वर्षांचा पुरुष आहे, केस गेले, पायावर लांब व्रण आहे, आरशात बघायला नको म्हणतो. तू त्याच्या शेजारी पलंगावर बस, त्याच्या डोक्यावरून हात फिरव, व्रणाकडे बघून नजर वळवू नकोस. तू त्याची नर्स होऊ नकोस. औषधाचा तक्ता त्याच्या बहिणीकडे सोपव. ती ते करू शकेल. तू त्याच्यासाठी जी आहेस, ती दुसरं कुणी होऊ शकणार नाही.

लग्नाचं विचारलंस. तुझे वडील बिथरले आहेत, त्याची आई एकदा नको म्हणते आणि एकदा देवाला साकडं घालते की सून म्हणून घरात ये. मी हो किंवा नको म्हणणार नाही. तो मागतो आहे का, एवढंच बघ. तो मागत असेल आणि तुलाही मनापासून हवं असेल तर जगाने काय ते बोलावं. पण त्याने न मागता, त्याला आनंद होईल म्हणून, किंवा आपण सोडून गेलो असं लोक म्हणतील म्हणून करणार असशील तर करू नकोस. दयेपोटी केलेलं लग्न आजारी माणसाला लगेच कळतं आणि त्याचं त्याला फार ओझं होतं.

आणि मग ते वाक्य. ‘स्वामी’ कादंबरी पुन्हा वाचते आहे, रमाबाईंचं मला आता कळतं, असं लिहिलंस. मनू, ते मी हलकं घेतलेलं नाही. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव पेशवे क्षयाने गेले तेव्हा ते २७ वर्षांचे होते आणि रमाबाई त्यांच्या चितेवर गेल्या. नदीकाठी त्यांचं स्मारक आहे, तिथे डोकं टेकणारी माणसं मी पाहिली आहेत. मला तिथे हात जोडताना संताप येतो. ज्या काळाने त्या पोरीला नवऱ्यामागे जगायला धड जागाच ठेवली नव्हती, त्या काळाने तिच्या जळण्याला प्रेमाचं नाव दिलं. तुझ्यापुढे जागा आहे. तुझं प्रेम खरं ठरायला तुझं काहीही जळायची गरज नाही. असा विचार एखाद्या रात्री फिरून आला तर मला कितीही वाजता फोन कर. माझा लागला नाही तर १४४१६ ला कर, टेलिमानस आहे, मराठीतून बोलतात, रात्रभर चालू असतं. फोन करीन, असा मला शब्द दे.

आणि तुझी ती परीक्षा दे. एवढंच म्हणते. त्याच्या उशापाशी बसून अभ्यास कर, त्याला प्रश्न विचारायला लाव, पण फॉर्म मागे घेऊ नकोस.

पुढचं लिहायला जड जातंय, पण नंतर सांगायला उशीर होईल. तो जाईल तेव्हा त्या घरात सगळ्यांना आपापली जागा असेल. आईला, बहिणीला, चुलत-मावस सगळ्यांना. सुतक त्यांना, भेटायला येणारे त्यांना. तुला कुठे बसायचं हे कुणी सांगणार नाही. ‘ही कोण’ म्हणून बायका एकमेकींना विचारतील. तुझ्या ऑफिसात तुला रजा मागताना कारण सुचणार नाही, आणि वर्षभरात कुणीतरी स्थळ आणून ‘आता पुढचं बघ’ म्हणेल. या दुःखाला नात्याचं नाव नसल्यामुळे ते लहान होत नाही, उलट एकटं पडतं. म्हणून आत्ताच त्याच्या बहिणीशी बोलून ठेव. त्या दिवसांत तू घरी येणार, आत येणार, हे तिला माहीत असू दे. आणि तेराव्यापर्यंत मी पुण्यात तुझ्या खोलीवर राहीन. तुझ्या आईला मी कळवते.

पुढच्या शनिवारी मी येतेच आहे. त्याच्या आईला म्हणावं, मावशी नर्स होती, तिला भेटायचंय. तिच्याशी मॉर्फिनचं मी बोलते, तुझ्याने ते व्हायचं नाही. तोवर त्याच्या गोळ्यांचे फोटो पाठव, पाकिटावरची नावं दिसतील असे, आणि काल रात्री तो किती वाजता दुखून उठला तेही. कुणी ओळखीच्या वैदूचा काढा आणला असेल तर भांडण करू नकोस, पण मला विचारल्याशिवाय त्याला देऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी